व्यसन सुटलं, पण आता संध्याकाळी बसायचं कुणाबरोबर?

दरवर्षी २६ जून जवळ आला की शाळांमध्ये तयारी सुरू होते. जागतिक अमली पदार्थविरोधी दिन. प्रभातफेरी, शपथ, चित्रकला स्पर्धा, फोटो. आम्ही शिक्षक मंडळी ते सगळं मनापासून करतो आणि करायलाही हवं. बाकी वर्षभर हा विषय पोलिसांच्या बातम्यांमधूनच आपल्यासमोर येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी बनवणारा कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत छापा घातला. किती किलो माल, किती कोटींचा, किती अटकेत, हे सगळं छापून आलं.

या किलोंच्या हिशेबात एक माणूस कधीच मोजला जात नाही. जो ही नशा करत होता, ज्याला घरच्यांनी कसंबसं उपचाराला नेलं, जो महिना-सव्वा महिना राहून शुद्धीवर आला आणि आता परत त्याच मोहल्ल्यात, त्याच गल्लीत, त्याच दोस्तांच्या कट्ट्यासमोर राहायला आला आहे. त्याच्या पुढच्या तीनशे संध्याकाळींचं काय? आजचा लेख त्याबद्दल आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ साली आला. १० ते ७५ वयोगटातले साधारण १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यातल्या ५.७ कोटींच्या आसपास लोकांना या ना त्या मदतीची गरज आहे, असं त्यात म्हटलं आहे. पण आम्हाला जास्त अस्वस्थ करणारा आकडा वेगळा आहे. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी एकाला काही तरी उपचार मिळाले. दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस १८० मध्ये एक.

म्हणजे केंद्रापर्यंत पोहोचणं हीच मोठी गोष्ट. त्यामुळे एखादा पोहोचला की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. शुक्राने अदा होतात, मिठाई वाटली जाते. आणि नेमकी इथेच फसगत होते.

व्यसन हा पुन्हा उलटू शकणारा आजार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेनुसार उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक कधी ना कधी पुन्हा नशेकडे वळतात. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांतही आजार उलटण्याचं प्रमाण याच्या जवळपास आहे. बीपीचा माणूस गोळी चुकवतो, मीठ वाढवतो आणि परत दवाखान्यात जातो, तेव्हा आपण त्याला बेशरम म्हणत नाही. नशा करणाऱ्याला मात्र म्हणतो. "एवढा खर्च केला, तरी सुधारला नाही."

शरीरातलं विष उतरायला दिवस लागतात, सवय उतरायला वर्षं. पहिलं काम डॉक्टरचं. दुसरं काम डॉक्टर एकटा करू शकत नाही, कारण तो रात्री साडेनऊला तुमच्या गल्लीत नसतो.

त्याच वाटेने गेलेला माणूस

अलीकडे एका माजी विद्यार्थ्याची अम्मी आम्हाला भेटली. मुलगा पाच आठवडे केंद्रात राहून परतला होता. "सर, दिवसा ठीक असतं. कामावर जातो. मगरिबनंतर घरात येरझाऱ्या घालतो. मी त्याच्याशी काय बोलू? मला कळतच नाही त्याच्या आत काय चाललंय." या बाईने मुलासाठी दागिने मोडले आहेत. तिच्या मायेत काही कमी नाही. पण तलफ म्हणजे काय, हे तिला माहीत नाही आणि ते माहीत नसणं हा तिचा दोष नाही.

ते फक्त एकालाच कळतं. ज्याने स्वतः ते भोगलं आणि आता नशेशिवाय जगतो आहे, त्याला. सहकारी गटाचं सगळं तत्त्व एवढंच आहे.

ही कल्पना जुनी आहे. १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावात शेअर बाजारातला एक माणूस, बिल विल्सन, धंद्यासाठी आला होता. दारू सोडून काही महिने झाले होते, तलफ आली होती. बारमध्ये जाण्याऐवजी त्याने दुसऱ्या एका दारुड्याचा शोध घेतला. तो निघाला डॉक्टर, बॉब स्मिथ नावाचा सर्जन. दोघे तासन् तास बोलले. एकाने दुसऱ्याला उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे एए उभं राहिलं. पुढे १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन आणि १९५३ मध्ये इतर नशांसाठी नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे एनए सुरू झालं. आज आपल्याकडे मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत हे गट आहेत आणि मराठी-हिंदीतूनही सभा होतात.

सभेत काय होतं? तास-दीड तास लोक बसतात. एकेक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. फी नाही. आडनाव विचारत नाहीत. सभासद होण्याची अट एकच, नशा सोडण्याची इच्छा. गट बाहेरून देणगी घेत नाही. चहा-जागेचा खर्च आपसात वर्गणी काढून भागवतात. जुना सभासद नव्याला आपला फोन नंबर देतो आणि सांगतो, "उचलण्याआधी फोन कर." प्यायल्यानंतर नाही, आधी. या एका वाक्यात पुष्कळ काही आहे.

याचा उपयोग होतो का? २०२० साली कॉक्रेन या नामांकित संस्थेने २७ अभ्यास आणि १० हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र तपासली. एएच्या पद्धतीशी रुग्णाला नीट जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त राहिलेले ४२ टक्के होते, इतर उपचार घेतलेल्यांत ३५ टक्के. हा चमत्कार नाही. पण जी गोष्ट फुकट आहे आणि आयुष्यभर उपलब्ध आहे, तिच्यासाठी हा फरक छोटाही नाही. हा पुरावा दारूबद्दलचा आहे. एमडी किंवा गोळ्यांबाबत तो इतका भक्कम नाही, हेही सांगायला हवं.

महाराष्ट्राला हे नवीन नाही

गर्दच्या विळख्यावर अनिल अवचटांनी लिहिलं, त्यानंतर पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. डॉ. अनिता अवचट यांनी ते घडवलं. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक, कार्यकर्ते म्हणून काम करताना दिसतात. केंद्रातून घरी गेलेल्यांसाठी गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका होतात, पत्नींसाठी वेगळा गट असतो. म्हणजे मराठी समाजाने ही गोष्ट आपलीशी केली आहे. सरकारच्या योजनेतही किशोरवयीन मुलांसाठी त्यांच्याच वयाच्या मुलांमार्फत काम करण्याची तरतूद आहे.

मग आपली माणसं या खोल्यांमध्ये कमी का दिसतात?

पहिलं कारण, इन्कार. "मुसलमान पीत नाही" हे वाक्य आपण एवढ्या वेळा म्हटलं आहे की आपल्यालाच ते खरं वाटायला लागलं. बरं, दारू नसेल पीत, पण मालेगावच्या 'कुत्ता गोळी'चं काय? ती झोपेची-चिंतेची गोळी आहे, अल्प्राझोलम जातीची. खोकल्याच्या औषधातलं कोडीन, पोरांच्या रुमालातलं व्हाइटनर, शनिवार-रविवारची एमडी, यांना दारूचा वास येत नाही. "शराब तर नाही ना" म्हणून मनाची समजूतही काढता येते. याच पाहणीनुसार हुंगण्याच्या नशेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा १० ते १७ वयाच्या मुलांत जास्त आहे. ही आपल्याच वर्गातली मुलं आहेत.

दुसरं कारण, इज्जत. भाऊ नशामुक्तीच्या सभेला जातो हे कळलं तर बहिणीचा रिश्ता मोडेल. भाऊ नशा करतो हे सगळ्या मोहल्ल्याला आधीच माहीत असतं, ही गोष्ट वेगळी! लोकांना नशा दिसते तोवर चालतं. उपचार दिसले की बदनामी.

तिसरं कारण, जागा आणि भाषा. आपल्याकडे बऱ्याच सभा चर्चच्या हॉलमध्ये किंवा मिशनरी शाळेच्या वर्गात भरतात. एएची सुरुवात ख्रिस्ती वातावरणात झाली हेही खरं. एखादा नवा मुलगा पायरीवरूनच परत फिरतो. वास्तविक तिथे कुणाचा धर्म बदलायचा नसतो. 'उच्च शक्ती' म्हणजे कोण, हे ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे समजून घ्यायचं असतं. अमेरिकेत बाल्टिमोर शहरातल्या मुस्लिमांनी तर १९८९ मध्ये 'मिल्लती इस्लामी' नावाने हीच बारा पायऱ्यांची पद्धत इस्लामी चौकटीत मांडली. तिथली माणसं हे करू शकली. आपण अजून "लोग क्या कहेंगे"वर अडलोय.

तौबा पुरेशी नाही का?

हा प्रश्न मस्जिदीबाहेर हमखास ऐकू येतो. "सच्ची तौबा केली, नमाज धरली, की झालं. गटबिट कशाला?"

तौबा आणि नमाज यांचं बळ मोठंच आहे. पण कुरआनमध्ये नशाबंदीचा हुकूम कसा आला, ते आठवून पाहू या. आधी सूरह बकरामध्ये त्यात फायद्यापेक्षा गुनाह मोठा आहे हे सांगितलं गेलं. मग सूरह निसामध्ये नशेत नमाजजवळ जायला मनाई आली. शेवटी सूरह माइदामध्ये पूर्ण बंदी. अल्लाहने माणसाच्या सवयीचं वजन लक्षात घेतलं, पायरी-पायरीने नेलं. आणि हुकूम आला तेव्हा तो एकेका माणसाला एकांतात पाळावा लागला नाही. सगळा मदिना एकमेकांसोबत होता. जमात होती.

सहीह बुखारीमधला एक प्रसंगही आलिम मंडळींना ठाऊक आहे. दारू पिण्यावरून वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाला कुणीतरी शाप दिला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला थांबवलं आणि सांगितलं की याला शाप देऊ नका, अल्लाह आणि त्याच्या प्रेषितावर याचं प्रेम आहे. चूक ती चूकच राहिली, शिक्षाही झाली, पण तो माणूस समाजाबाहेर गेला नाही. आज आपल्या मोहल्ल्यात तोच माणूस मस्जिदीत आला तर शेजारचा सफ सोडून सरकतो.

म्हणून गट हा तौबेला पर्याय नाही. तौबा टिकवण्यासाठी लागणारी सोबत म्हणजे गट.

आणखी एक शंका घरचे घेतात. "दहा नशेबाज एकत्र बसले तर बिघडतीलच ना?" शंका रास्त आहे. कट्ट्यावरचे दहा आणि सभेतले दहा यांत फरक हा की सभेत पाच-दहा वर्षं नशेपासून दूर असलेली माणसं बसलेली असतात. अशी जुनी माणसं ज्या गटात नाहीत, तिथे जपून राहावं.

नेहमीचा गट कसा शोधायचा?

आधी डॉक्टर. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असलेल्याने एकदम सगळं बंद केलं तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. "कोंडून ठेवा, आपोआप सुटेल" हा सल्ला ऐकू नका. गर्द, अफूच्या जातीच्या नशेसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं डॉक्टर देतात. ती चालू असतील तर गटातल्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत. काही दिवस बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. मग जुन्याच प्रमाणात पुन्हा घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

चौकशीसाठी १४४४६ ही नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ म्हणजे टेलि-मानस. जवळचं केंद्र तिथे विचारा. सभा कुठे भरतात हे केंद्रातले समुपदेशक सांगतात.

एका सभेवरून ठरवू नका. प्रत्येक गटाचा मिजाज वेगळा. निदान पाच-सहा वेगवेगळ्या सभांना जाऊन या. मग एक पक्का करा. पक्का करताना तीन गोष्टी पाहा. घरातून किंवा कामावरून पायी अथवा एका रिक्षात पोहोचता येतं का? वेळ तुमच्या शिफ्टशी आणि नमाजशी जुळते का? तिथे असा एखादा माणूस आहे का, ज्याच्या बोलण्यात तुम्हाला स्वतःची कहाणी ऐकू आली? तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

एकदा ठरलं की दर आठवड्याला तोच वार, तीच खोली. सुरुवातीला जास्त वेळा. 'नेहमीचा' या शब्दातच सगळी ताकद आहे. तुम्ही आला नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे आणि रात्री फोन आला पाहिजे. हे फक्त ओळखीच्या खोलीतच होतं. गावात गट नसेल तर मार्च २०२०च्या लॉकडाऊनपासून ऑनलाइन सभाही रुळल्या आहेत. आखातात, जहाजावर किंवा परगावी नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांसाठी हा मोठा आधार आहे.

घरच्यांनीही आपला गट शोधावा. बायको, अम्मी, बहीण यांनी वर्षानुवर्षं खोटं बोलून सांभाळून घेतलेलं असतं. कर्जं फेडलेली असतात, मार खाल्लेला असतो. त्यांनाही कुणीतरी ऐकायला हवं. आणि नशा करणारी बाई असेल, तर तिच्यासाठी वेगळा स्त्रियांचा गट नीट विचारून घ्या. ती पुरुषांच्या खोलीत जाणार नाही, आणि तिच्याबद्दल बोलायलाही कुणी तयार नसतं.

पोलिसांची भीती वाटते? एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ वाचा. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात जो स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करतो, त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. वकिलाला हे कलम जरूर विचारा. आणि ज्या केंद्रात मारहाण होते, साखळीने बांधतात, घरच्यांना भेटू देत नाहीत, तिथे आपला माणूस ठेवू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि नशेशी संबंधित मानसिक अवस्थाही येतात. साखळीने बांधायला त्यात बंदी आहे आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे.

एक खोली द्या, स्टेज नको

आपल्याकडे मदरसे आहेत, उर्दू शाळा आहेत, शादीखाने आहेत, मस्जिदीला लागून हॉल आहेत. इशानंतर त्यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या असतात. आठवड्यातून एक दिवस, दीड तास, एक खोली, वीस खुर्च्या आणि पंखा. यापेक्षा जास्त काही लागत नाही. गटाला फुकट जागा घेणं जड वाटेल, तर नाममात्र भाडं घ्या. एए-एनएच्या जुन्या सभासदांना बोलवा, ते आनंदाने येऊन गट सुरू करून देतात.

पण एक पथ्य पाळावं लागेल आणि ते आपल्याला जड जाणार आहे. आपल्याला कार्यक्रम आवडतात. बॅनर, सदारत, सत्कार, शाल, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. या खोलीत यातलं काहीच नको. ट्रस्टींनी कोण येतं हे मोजू नये. इमामसाहेबांनी जुम्याच्या खुतब्यात विषय जरूर घ्यावा, पण नाव किंवा इशारा नको. आम्ही शिक्षकांनी मुलांच्या बापाबद्दल ऐकलेलं स्टाफरूममध्ये बोलू नये. एक फोटो बाहेर गेला की पुढच्या आठवड्यात खोली रिकामी.

आणि आत बसलेल्यांना शिकवायलाही जाऊ नये. नशा हराम आहे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांनी त्याची किंमत मोजली आहे. शंभर दिवस कसे काढायचे हे आपल्याला माहीत नाही. ते त्या खोलीतल्याच कुणाला तरी माहीत असेल.

पुढच्या २६ जूनला प्रभातफेरी निघेलच. तोवर प्रत्येक मोहल्ला कमिटीने, प्रत्येक शाळेच्या संचालक मंडळाने आपल्या बैठकीत एवढा एकच विषय घ्यावा. आपल्या भागात नशा सोडलेल्या माणसाला दर आठवड्याला जाऊन बसता येईल अशी खोली आहे का? नसेल तर किल्ली कुणाकडे आहे?